भिवाजीची बिनक्लचची गाडी

गाडी घेऊन भिवाजीला एकच गोष्ट मिळवायची होती: मेहुण्यापासून सुटका. आपल्या कडाव गावात मान, पावसात कोरडं डोकं, व्याह्यांच्या दारात हॉर्न, हे सगळं वरकड.

आपल्याच भाताच्या गिरणीच्या माळ्यावरून पडून त्याचा डावा गुडघा कायमचा ताठला होता. त्याआधी तो ट्रकसुद्धा चालवायचा. आता क्लच दाबता येईना, म्हणून जिथं जायचं तिथं बायकोचा भाऊ धाकलू त्याला आपल्या जीपमधून न्यायचा. जीप धाकलूची, पेट्रोल भिवाजीचं, आणि निघायची वेळ धाकलूच्या मनाची. कर्जतच्या कचेरीत निघालेला भिवाजी आधी धाकलूच्या सासरवाडीला जायचा, तिथल्या म्हशीचं दुखणं ऐकायचा, आणि कचेरीला कुलूप लागता लागता पोचायचा. वाटेत बोलायचा तो धाकलूच.

आणीबाणी उठली त्या वर्षी, भातं कापून झाल्यावर, एका व्यापाऱ्यानं भिवाजीला सांगितलं की बिनक्लचची गाडी असते. गिअर आपले आपण पडतात, डावा पाय नुसता बसून राहतो. परदेशी वकिलाती अशा गाड्या वापरून विकतात, त्यातल्या काही डिझेलवर चालतात. गिरणीच्या इंजिनासाठी डिझेलचं पिंप भिवाजीच्या पडवीत होतंच. त्या रात्री तो झोपेत उजवाच पाय हलवत होता, असं त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं पाहिलं.

अडचण एवढीच, की गाडीतलं कळणारा घरात एकच माणूस होता, धाकलू. म्हणजे बोकडानंच सुरी पारखायची होती.

सोनाबाई नवऱ्याचीही होती आणि भावाचीही. ती म्हणाली, "मी पन येते."

"तुला काय कळतं गं गाडीतलं?" धाकलूनं विचारलं.

"गाडीतलं नाय कळत. तुझ्यातलं कळतं."

पहिली गाडी कर्जतला, पोपट दलालाकडं. गाडी चकचकीत होती, किल्ली फिरवली की लगेच चालू. भिवाजीचा हात उपरण्यात बांधलेल्या पैशांकडं गेला. धाकलूनं मात्र बॉनेटवर हात ठेवला आणि चटका लागल्यासारखा काढला.

"पोपटशेट, इंजिन आधीच तापवून ठेवलंय."

"उन्हानं तापलं हो."

"गाडी आंब्याखाली हाय. ऊन काय वाट वाकडी करून आलं?"

मग धाकलूनं चक्क बैठक मारली. इंजिन गार होईपर्यंत हलायचं नाही, डिझेल इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच. पोपटनं गप्पा लावल्या, पान दिलं, पण ऊन उतरलं आणि इंजिनही गार झालं. मग किल्ली फिरवली तर गाडी दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकली, काळा धूर सोडला आणि गप्प बसली. इथं धाकलूला दाद द्यावीच लागते. ज्या व्यवहारात आपलं नुकसान नाही, तिथं तो अगदी प्रामाणिक होता.

दुसरी गाडी खालापूरला, हिरामणच्या गॅरेजात. गॅरेजमागं कापणी झालेलं मोकळं शेत होतं, मधोमध पेंढ्याची उडवी, आणि तिच्याशेजारी राखाडी रंगाची लांबलचक जर्मन गाडी. हिरामण नुकताच ताटावर बसला होता. त्यानं पडवीतूनच किल्ली फेकली.

"फिरवा, बघा. इंजिन गार हाय, हात लावून घ्या. मी जेवून येतो."

विकणाराच असं बोलल्यावर धाकलूचं निम्मं बळ गेलं. बॉनेट गार. डिझेलच्या रिवाजाप्रमाणं किल्ली थोडी थांबवून फिरवली, तर इंजिन पहिल्या हाकेला ओ देऊन चालू. धूर नाही, खडखड नाही. टायर बरे, खाली तेलाचा थेंब नाही. धाकलू बोलायचा थांबला. सोनाबाईनं लगेच ओळखलं: भाऊ गप्प, म्हणजे वस्तू चोख.

एवढ्यात धाकलूला गिअरच्या दांड्याशी इंग्रजी अक्षरं दिसली. बिनक्लचच्या गाडीत तो जन्मात बसला नव्हता, पण हे दाजींपुढं कबूल करण्यापेक्षा त्यानं म्हशीचं दुखणं स्वतः सोसलं असतं.

"पी, आर, एन, डी," त्यानं वाचलं. "सोप्पं हाय. पी म्हणजे पुढं."

"आनि बाकी?" भिवाजीनं विचारलं.

"आर म्हणजे रेस. एन म्हणजे नीट थांब."

"आनि डी?"

धाकलूनं दांडा उगाच पुसला. "डी म्हणजे ढकला."

"जर्मन लोकं मराठीत लिवतात व्हय रं?" सोनाबाई म्हणाली.

धाकलूनं दांडा पी वर ठेवून पाय दाबला. इंजिन गरजलं, गाडी जागची हलली नाही. आणखी दाबला. उडवीवरच्या चिमण्या उडाल्या, गाडी तिथंच. धाकलूच्या तोंडावर बऱ्याच वेळानं तेज आलं.

"बघा दाजी. पुढं टाकली तरी पुढं जात नाय. बसलेली गाडी हाय ही. चला घरी."

भिवाजीचा चेहरा असा उतरला की सोनाबाईला राहवेना. "येक अक्षर र्‍हायलंय," ती म्हणाली. "ढकलून बघू. मंग जाऊ."

ढकलायला दोन पायांचा माणूस हवा. म्हणून धाकलूनं इंजिन चालूच ठेवून आपल्या हातानं दाजींना स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागं गेला. सोनाबाईनं पदर खोचला.

"दाजी, टाका डी वर! हां, जोर लाव गं!"

गाडी सरकली. धाकलूला वाटलं, आपल्या ताकदीनं. त्यानं आणखी जोर लावला, तर गाडी आणखी सरकली. मग तो चालू लागला, मग पळू लागला, आणि मग त्याचे हात नुसतेच पुढं पसरलेले राहिले, कारण त्यांच्यापुढं गाडी नव्हती.

भिवाजीला कळायला वेळ लागला नाही. उजवा पाय दाबला की जाते, उचलला की मंदावते, शेजारच्यावर ठेवला की थांबते. डावा पाय पाहुण्यासारखा बसून. त्यानं उडवीला एक फेरी मारली, मग दुसरी, मग उलट्या बाजूनं. सोनाबाई मधे उभी राहून हसत होती, हसता हसता खाली बसली. भिवाजीनं तिच्यापाशी गाडी थांबवून दार उघडलं.

"बस गं."

"कुटं जायचं?"

"मला तरी काय म्हाईत?"

दोघं शेतातून रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

हिरामण हात धुवून आला. "गाडी कुठं हाय?"

"ढकलली," धाकलू म्हणाला.

"ही ढकलून चालू होनारी गाडी नाय, पाव्हणं."

"मंग डी म्हणजे काय?"

"ड्राइव्ह. आनि पी म्हणजे पार्क."

धाकलू उडवीला टेकून बसला. पण त्याच्या हातात आता खरा दोष आला होता. दोघं परत आली तसा तो उठला.

"दाजी, ढकलून ही चालू व्हत नाय. येखाद्या दिवशी बॅटरी बसली की जाग्यावर मुक्काम."

हे खरं होतं, आणि हिरामणही नाही म्हणाला नाही. भिवाजीनं स्टिअरिंगवरचा हात काढला नाही, पण विचारलं, "बाकी? तुझ्या बहिणीच्या गळ्याची शपथ घालून विचारतोय. कशी हाय गाडी?"

धाकलूनं बहिणीकडं पाहिलं. ती पदरानं घाम पुसत होती, आणि डोळ्यांत अजून ते हसू होतं.

"बाकी चोख हाय," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे त्याच्या तोंडून गेलं.

हिरामणनं त्याच किमतीत नवी बॅटरी कबूल केली आणि भिवाजीनं उपरण्याची गाठ सोडली. सोनाबाई भावाकडं वळली. "गाडीला पयला हात माझ्या भावाचा लागला. नारळ त्यानंच फोडायचा. हार नि पेढेपन त्याचेच."

हिशेब असा मिटला. गाडीचे पैसे भिवाजीनं दिले, बॅटरीचे हिरामणनं सोसले. नारळ, हार आणि पेढे धाकलूच्या खिशातून गेले. शिवाय गाडीमागून एकट्यानं जीप हाकताना, कडावपर्यंत तो एक शब्दही कुणाशी बोलू शकला नाही. ती रक्कम सगळ्यांत मोठी होती, आणि ती त्यानं एकट्यानं भरली.