नंबर एकचा माल

सोमनाथकाकांचा अंगठा अख्ख्या देवळ्यात प्रसिद्ध होता, निदान सोमनाथकाकांच्या मते तरी. तीस वर्षं कांद्याच्या व्यापारात मुरलेला अंगठा तो. ढिगातला कांदा उचलायचा, दाबायचा आणि निकाल द्यायचा. कडक लागला तर नंबर एक, मऊ लागला तर बाजूला. पुढं पुढं अंगठ्याला कांदा पुरेना. काका पपई दाबायचे, पाव दाबायचे, दुसऱ्याच्या नव्या गाडीची सीटसुद्धा दाबून बघायचे. घरात कोणाची हिंमत नव्हती की अंगठा चुकला म्हणावं.

कोंबड्यांचं खुराडंही त्यांनीच बांधून दिलेलं, थेट कांदाचाळीच्या नमुन्यावर. खाली फटी, चहूबाजूंनी वारा आणि अंथरायला त्यांच्याच गाळ्यातल्या जुन्या लाल जाळीच्या गोण्या. कांदा सहा महिने टिकतो, कोंबडी का नाही टिकणार, असं त्यांचं म्हणणं. त्या खुराड्यात त्यांच्या पुतणीच्या, दहावीतल्या योगिनीच्या, पाच कोंबड्या राहत. त्यातली रोज अंडं देणारी, मान ताठ ठेवून चालणारी ती मॅडम. बाकीच्या चौघी नुसत्याच कोंबड्या.

शुक्रवारी सकाळी काका आले ते मॅडमवर टपूनच. रविवारी त्यांचा लासलगावचा व्यापारी मित्र जेवायला येणार होता. त्यांनी मॅडमला उचललं, गळ्याखाली अंगठा दाबला आणि डोळे मिटून मान डोलावली.

"लय कडक. नंबर एकचा माल. रविवारी हीच."

योगिनी म्हणाली, "काका, कडक आहे म्हणूनच ती आजारी आहे."

झालं. काकांनी आधी योगिनीच्या आईकडं पाहिलं, मग आभाळाकडं. आजारी माणसाचं पोट असं भरलेलं कधी पाहिलंय का, असं विचारलं आणि वर "हेच शिकवता का शाळेत?" अशी पुस्ती जोडली.

आता योगिनी पूर्वीसारखी गप्प बसणारी राहिली नव्हती. तिनं पहाटेच पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या निकिता डॉक्टरांना फोन केला होता. कोंबडीच्या गळ्याखाली पिशवी असते. दिवसभर टिपलेलं तिथं साठतं आणि रात्रीतून खाली उतरतं. म्हणून सकाळी, दाणे टाकायच्या आधी, ती रिकामी लागली पाहिजे. योगिनीनं पाचही कोंबड्या चाचपल्या. चौघींचे गळे रिकामे होते. मॅडमच्या गळ्यात मात्र लिंबाएवढा टणक गोळा. तोंडाला आंबूस वास नव्हता, म्हणजे आत नासलेलं नव्हतं, काहीतरी अडकलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, दाणा बंद, पाणी ठेव, ड्रॉपरनं चोचीच्या कडेनं थोडं थोडं तेल पाज आणि हलक्या हातानं चोळ. उद्या सकाळपर्यंत उतरलं नाही तर घेऊन ये.

काकांकडं याहून सोपा उपाय होता. पाय धरायचे, उलटं करायचं, झटकायचं. गोणी झटकली की आत काय उरतं?

"पिशवीतलं पाणी श्वासनळीत जाईल," योगिनी म्हणाली. "मग तुम्हाला रविवारची वाट बघायलाच नको."

शाळेला दांडी मारून दिवसभर ती मॅडमला मांडीवर घेऊन गळा चोळत बसली. काका जाता-येता सांगत होते की सकाळी गोळा तसाच असला तर सुरी, दुसरी बात नाय. मॅडमनं दोनदा योगिनीच्या गणवेशावर आपलं मत नोंदवलं, पण गोळा हलला नाही.

शनिवारी सकाळी तो तसाच होता. काका सुरीला धार लावू लागले. योगिनीनं मॅडमला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं, काकांच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि हॉर्न दाबला. दाबतच राहिली. गल्ली गोळा झाली. कोणीतरी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काका आमच्या कोंबडीला दवाखान्यात नेतायत. गल्लीतल्या बायांनी काकांच्या मनाचं इतकं कौतुक केलं, की त्यांना सुरी खाली ठेवून चावी हातात घ्यावीच लागली.

डॉक्टरांनी गळ्याजवळ भूल दिली, छोटा छेद घेतला आणि चिमट्यानं गोळा बाहेर काढला. सुकं गवत, कांद्याची टरफलं आणि लाल प्लॅस्टिकच्या धाग्यांचा गुंताच गुंता. डॉक्टरांनी टाके घालून औषध लिहून दिलं, थोडा थोडा मऊ भात द्यायला सांगितलं आणि बजावलं की औषध चालू आहे तोवर हिचं अंडंही खायचं नाही, हिला कापणं तर लांबच. धागे त्यांनी एका बाटलीत भरून योगिनीला दिले. काका तेवढ्यात भिंतीवरचा गाईचा तक्ता फार मन लावून वाचत होते.

रविवारी पाहुण्यांच्या ताटात शेवभाजी पडली. काकांनी सगळी गोष्ट रंगवून सांगितली. अंगठा लावताक्षणी आपल्याला कसं कळलं, आणि पोरगी घाबरली तरी आपण कशी तडक गाडी काढली. मॅडम ओट्यावरच्या खोक्यात भात टिपत होत्या.

"पण धागे आले कुठून?" पाहुण्यांनी विचारलं.

काका म्हणाले, "लोक काहीबी टाकता रस्त्यावर."

योगिनीनं भाकरी वाढली आणि ताटाशेजारी बाटली ठेवली. धाग्यांच्या गुंत्यात गोणीवरच्या छापील पट्टीचा एक तुकडा होता. पाहुण्यांनी चष्मा लावला, बाटली उजेडात धरली आणि सावकाश वाचलं, "सोमना... ट्रेडि..."

काकांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

"भाजीत मीठ कमी हे," ते म्हणाले.