पिंजऱ्याच्या पोटात

नरहरी सरांचा राग पुण्यात सुटला की कासार आंबोलीपर्यंत ऐकू येतो, असं त्यांचे विद्यार्थी म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. त्या रविवारी सकाळी तर सर कासार आंबोलीच्या आपल्या बंगल्यावरच होते. ओट्यावर बसून, समोर उभ्या असलेल्या आपल्या विद्यार्थिनीचा, मृण्मयीचा प्रबंध चाळताना ते तिसऱ्या प्रकरणाशी आले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

सरांचं सगळं नाव रेणूंच्या पिंजऱ्यांवर उभं. धातूचे अणू आणि कार्बनच्या लांबट काड्या एका द्रवात सोडल्या की आपोआप जुळून इवलेसे पिंजरे होतात. त्यांच्या पोटातली पोकळी रिकामी असते, असं सरांनी १९९८ साली छापलं आणि पुढं नऊ वर्षं जिथं तिथं ठासून सांगितलं. आता ही पोरगी लिहीत होती, रिकामी कसली? त्या द्रवाचेच रेणू आत बसलेत!

“काहीही काय लिहितेस! यंत्रात कधी दिसले का ते?”

“नाही दिसले, सर.” मृण्मयी म्हणाली. “आपण मोजणीला जो महागडा द्रव घेतो, तो यंत्राला दिसू नये म्हणूनच तर घेतो. या वेळी बाटली संपली, म्हणून मी साधा वापरला. ही मोठी रेघ बाहेरच्या द्रवाची. बाजूची बारीक आहे ना, ती आत अडकलेल्या रेणूंची.”

सरांनी आलेख उजेडात धरला. हात्तिच्या! यंत्राला न दिसणारा पाहुणा आपणच घरात घ्यायचा आणि घर रिकामं म्हणून दवंडी पिटायची. शेंबड्या पोरालाही कळावं, ते आपल्याला नऊ वर्षं कळलं नाही! त्यांना भयंकर लाज वाटली.

पण त्याहून वाईट म्हणजे, ही बारीक रेघ त्यांनी आधी पाहिली होती. २००१ साली पियूष नावाच्या विद्यार्थ्यानं असाच साधा द्रव वापरून ती दाखवली, तेव्हा “घाण आहे ती, नळ्या धुवायला शीक आधी,” असं म्हणून सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. सहा महिन्यांत पियूषनं संशोधन सोडलं. आता तो हिंजवडीत नोकरी करत होता आणि तिथंच जवळ जांबे गावात भाड्यानं राहत होता.

“सर, हे प्रकरण काढून टाकू का?” मृण्मयीनं हळूच विचारलं. “परवा शेवटची तारीख आहे. तुमची सही नसली तर माझी चार वर्षं पाण्यात जातील.”

तिची ही मुकाट तयारी सरांच्या जिव्हारी लागली.

“खबरदार काढशील तर!” त्यांनी सही ठोकली. “आणि हे आधी पियूषला दिसलं होतं, असं स्पष्ट लिही.”

दर दिवाळीला पियूषचा मेसेज यायचा, त्यामुळं नंबर होता. सरांनी तिच्यासमोरच फोन लावला.

“पियूष, तुझी ती रेघ खरी होती रे. चूक माझी होती.”



“सर, मी त्या नळ्या सात वेळा धुतल्या होत्या,” पियूष म्हणाला. “तरी ती जाईना. मग मला वाटायला लागलं, माझ्या हातालाच गुण नाही.”

सरांनी प्रबंध पुन्हा जवळ ओढला आणि तिसऱ्या प्रकरणात पियूषचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.