ड्रॅगनचे डोळे

गेल्या वर्षी आमची बायकांची होडी अर्ध्या वल्ह्याने हरली. त्या अर्ध्या वल्ह्यापायी वर्षभर दर रविवारी आम्ही शहराबाहेर तेलुक बहांगच्या धरणावर घाम गाळला. मी पुढे, वल्हवणाऱ्यांकडे तोंड करून ढोल वाजवते. वल्हवायला पुनिता, रोस्ना आणि बाकीच्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढे-मागे. होड्यांच्या शर्यतीच्या उत्सवाच्या पत्रकावर दरवर्षी आमचाच फोटो असतो, खाली ‘अनेक रंग, एक शहर’.

होडीच्या टोकावरच्या लाकडी ड्रॅगनच्या डोळ्यांत शर्यतीआधी लाल ठिपका आमच्यातले वडीलधारे तान आजोबा द्यायचे. ठिपका पडेपर्यंत ड्रॅगन आंधळा, आणि आंधळ्याच्या होडीत आम्ही चिनी माणसं पाय ठेवत नाही. यंदा समितीने ठरवलं, ठिपका मोठे पाहुणे देणार, शेजारी शहरातल्या चारही समाजांची माणसं उभी करून. शर्यतीच्या दिवशी पाहुणे सकाळी आठला यायचे होते. साडेदहा वाजले.

मी आजोबांना फोन लावला. “तुम्हीच या ना.”

“मला बोलावणं आहे का?”

“नाही.”

“मग मी जेवतोय,” म्हणाले आणि फोन ठेवला.

शेवटी समितीचे लो साहेब घाम पुसत आले. “होड्या सोडा. डोळ्यांचं नंतर बघू.”

बँकेच्या, हॉटेलांच्या संघांतल्या बायका निमूट आपापल्या होड्यांत बसल्या. आमच्या होडीतल्या चिनी सातजणी काठावरच उभ्या राहिल्या. त्यांत मी पहिली.

“ताई, माझे दोन डोळे शाबूत आहेत,” रोस्ना म्हणाली. “तेवढ्यावर भागव.”

“नाही भागत गं.”

“हरलो म्हणून वर्षभर दुसऱ्यांनाच शिव्या घातल्या आपण, आणि आज आपणच अडून उभ्या.”

पुनिताने माझ्याकडे पाठ फिरवली. तेच जास्त लागलं. शिटी झाली आणि आमची सोडून तीन होड्या गेल्या.

सव्वाअकराला पाहुणे आले. त्यांनी सावकाश ठिपके दिले. फोटोवाला म्हणाला, वल्ही वर करा. आम्ही केली.

“आता बसा खुशाल,” लो साहेब म्हणाले. तिकडे करंडक देऊन झाला होता.

आम्ही बसलो. मी ढोलावर टिपरू मारलं, वल्ही पाण्यात पडली. धरणाच्या मध्यावर पुनिताने धापा टाकत विचारलं, “वेळ कोणी मोजतंय का?”

“नाही.”

“मग एवढ्या जोरात कशाला बडवतेस?”

मी ठेका आणखी वाढवला. शिव्या देत का होईना, त्या वल्हवत राहिल्या.