वरच्या गावची विडीवाली

मित्रांनो, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं, एका बाजूने कुरतडलेलं ते काळपट सूप दिसतंय ना, ते मी. कुरतडलं उंदरांनी, काळं केलं तंबाखूने आणि टांगलं चांगुणाबाईंनी. हल्ली या घरात धान्य निवडून-बिवडून पिशवीतूनच येतं, त्यामुळे मला कुणी हात लावत नाही. पण म्हणून मला अडगळ समजू नका. माझ्या उजव्या कोपऱ्यात एक अख्खं गाव आहे. ते तिथे कसं आलं ते सांगते. मधे चुळबुळ मात्र करू नका, मला राग लवकर येतो.

मी जन्मले संगमनेरजवळच्या अकोल्याच्या डोंगरातल्या बांबूपासून. रंभाजी बुरुडाने माझ्या पट्ट्या इतक्या घट्ट विणल्या की राजगिऱ्याचा दाणासुद्धा खाली पडायचा नाही. आंबेथळ नावाच्या गावात बनुबाई नुकती लग्न होऊन आली होती, तिने मला घेतलं. घरी नेल्याबरोबर शेणात पांढरीची माती कालवून तिने मला आतून लिंपलं. पांढरी म्हणजे ज्या जागेवर गावातली घरं उभी असतात ती जागा, तिथली माती. नव्या सुपाला असं लिंपायची तिकडची रीतच होती. तो हात माझ्या अंगावरून फिरला आणि मी त्या घरचं झाले.

काय दिवस होते ते! खळ्यावर वारा सुटला की बनुबाई मला घेऊन उंच तिवईवर उभी राहायची. बाजरी माझ्या तालावर नाचायची, कोंडा शेजारणीच्या डोक्यात जायचा आणि शेजारीण शिव्या द्यायची. गावात कुणाकडे लग्न निघालं की पहिलं बोलावणं मला यायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

मग नदीवर धरण बांधलं आणि आंबेथळ पाण्यात जाणार हे ठरलं. लोकांनी दारं-खिडक्या काढल्या, वासे उतरवले, बैलगाड्या भरल्या. बनुबाईचा नवरा आधीच वारला होता. ती आणि तिचा मुलगा गोरक्ष दोन बोचकी घेऊन निघाले. मला तिने डोक्यावर पालथं घातलं, उन्हाला आडोसा म्हणून. चालताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. माझं तोंड मात्र मागेच होतं, त्यामुळे गाव दिसेनासं होईपर्यंत मी पाहत राहिले.

दोघं संगमनेरला आली. गोरक्ष पुढे नाशिकला कामाला गेला आणि बनुबाई एका खोलीत एकटी राहिली. पोटासाठी ती विड्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. बाजरी पाखडणारं मी, आता तिच्या मांडीवर ओली पानं आणि तंबाखू सांभाळत बसले. पहिले आठ दिवस मला शिंका आल्या. विडी वाईटच, तिची वकिली मी करणार नाही. पण त्या बायकांच्या हातांची वकिली केल्याशिवाय राहवणार नाही. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मोडायचं आणि दोरा गुंडाळायचा. डोळे कुठेही असोत, बोटं आपली चालूच. हात कामात आणि तोंड मोकळं, म्हणून बायका चौघी-चौघींचं रिंगण करून बसायच्या आणि दिवसभर बोलायच्या.

बनुबाईच्या रिंगणात गोजरबाई होती, जिचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. दगडाबाई होती, जी कमी बोलायची पण नेमकं बोलायची. आणि सातवी पास झालेली अठरा वर्षांची चांगुणा होती, आजच्या या चांगुणाबाई. आमची बनुबाई नुसती ऐकायची. गाव कोणतं म्हणून कुणी विचारलं की "खालच्या अंगाचं" एवढंच सांगायची आणि मान खाली घालायची. पण खरं सांगते, त्या रिंगणावरच ती जगत होती. खोलीवर तिच्याशी बोलायला मी सोडून कुणी नव्हतं, आणि मला कुठे बोलता येत होतं?

एकाहत्तर सालची गोष्ट. तंबाखूच्या पुडक्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा एक जुना कागद चांगुणाच्या हाती लागला. त्यात माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी होती. माणसं चंद्रावर जाऊन घरी परतून दोन वर्षं झाली होती, आमच्या रिंगणात ती तेव्हा पोचली. चांगुणाने बातमी तीनदा वाचून दाखवली आणि म्हणाली, आता आपणही जायचं. यानात बसून पार लांबच्या एका ग्रहावर जायचं, तिथे गाव वसवायचं आणि परत यायचं नाही. दर सोमवारी प्रत्येकीने त्या गावातलं एक नवं सोंग घ्यायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि जिचं सोंग तिने त्या सोंगातूनच उत्तर द्यायचं. त्या गावाला त्यांनी नाव ठेवलं, वरचं गाव.

नवं सोंग काढणं म्हणजे चेष्टा नव्हती बरं का. पहिल्या सोमवारी गोजरबाई राणी झाली, दुसऱ्या सोमवारी पाटलीण आणि तिसऱ्या सोमवारी सासू. चांगुणा वैतागली. एवढं आभाळ ओलांडून जायचं आणि तिथेही सासूच भेटायची असेल तर इथलं संगमनेर काय वाईट, असं ती म्हणाली. मग तिने नियमच केले. देव नको, राजा नको, नात्यातलं माणूस नको. तिथे जे आहे आणि इथे नाही, त्यातून सोंग निघालं पाहिजे. आणि तिथे आग पेटवायची नाही, कारण आग श्वासाची हवा खाते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

या नियमांनी गोजरबाईचं डोकं असं चाललं की मी तोंडात बोट घातलं असतं, बोट असतं तर. त्या ग्रहावर दोन सूर्य होते, म्हणून प्रत्येकाला दोन सावल्या. त्या सावल्या आपसांत भांडायच्या आणि गोजरबाई ती भांडणं मिटवायची. दगडाबाई झाली यंत्रांची सुईण. तिथे यंत्रांना पिल्लं व्हायची, आणि पिल्लू रडलं नाही तर दगडाबाई त्याच्या पाठीत हळूच थापटी मारायची. बायका हसून हसून लोळायच्या, पण हात थांबायचे नाहीत.

एकट्या बनुबाईला काही सुचत नव्हतं. एकदा ती म्हणाली, मी तिथं भाकरी थापीन. चांगुणा म्हणाली, चूल कुठाय? पुढच्या सोमवारी म्हणाली, मी गाई राखीन. दगडाबाईने विचारलं, चारा कुठला? दोन्ही वेळा सोंग तिथेच मोडलं. तेव्हा गोजरबाईने हसत हसत आणखी एक नियम काढला. जिला तीन सोमवार सोंग जमलं नाही, तिने रिंगणातून उठून पलीकडे भिंतीशी बसायचं, तिची जागा दुसरीला. थट्टाच होती ती. पण बाहेरच्या चार जणी रिंगणात यायला टपलेल्या होत्या, आणि बनुबाईला ती थट्टा वाटली नाही.

तो आठवडा तिने कसा काढला ते मला विचारा. भाकरी थापताना ओठ हलायचे, पाणी भरताना कळशी ओतू जायची. सोंग काही सापडेना. शनिवारी तर कहर झाला. कारखान्यात श्रीमंत नावाचे चेकर होते, संध्याकाळी प्रत्येकीच्या विड्या तपासून वाईट त्या बाजूला काढणारे. त्याला छाट म्हणतात. श्रीमंतभाऊंनी बनुबाईची एक जुडी हातात घेतली आणि ती मुठीत चपटीच झाली. आत तंबाखूच नव्हती. तोंडं मोडलेली, दोरे बांधलेले, सगळं ठाकठीक, आणि पंचवीसच्या पंचवीस विड्या पोकळ! विचाराच्या नादात तिने पानं नुसतीच वळली होती, मी जवळ असून मलाही कळलं नाही. श्रीमंतभाऊंनी मान हलवली आणि ती जुडी माझ्यात परत टाकली. गोजरबाई म्हणाली की बनुबाई यानात बसून गेली, फक्त हात इथे राहिले. सगळ्या हसल्या. बनुबाई हसली नाही. छाट फेकून द्यायची असते, पण तिने ती जुडी माझ्यात तशीच ठेवून घरी आणली.

रविवारी दुपारी ती दाराशी मला घेऊन बसली. बराच वेळ त्या पोकळ विड्यांकडे बघत होती. मग तिने नख माझ्या उजव्या कोपऱ्यात रुतवलं आणि खरवडायला लागली. मित्रांनो, मला फार लागलं. इतकी वर्षं इमानाने राबल्यावर हे बक्षीस, असं वाटून मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलले. ते आज आठवलं की लाज वाटते.

सोमवार उजाडला. गोजरबाईचं झालं, दगडाबाईचं झालं. चांगुणाने विचारलं, "बनुबाई, तुमी कोन?"

बनुबाई म्हणाली, "मी वरच्या गावची विडीवाली."

गोजरबाईने कपाळाला हात लावला. हे कसलं सोंग, ही तर तू स्वतःच, असं ती म्हणाली. आणि चांगुणाने आठवण करून दिली की तिथे आग पेटवायला बंदी आहे. मी मनात म्हटलं, झालं, आता उठा आणि भिंतीशी चला.

"म्हनून माझी विडी पेटवायची न्हाई," बनुबाई म्हणाली, "माझी विडी उघडायची."

मग ती बोलायला लागली. वीस-बावीस वर्षांत मी तिला सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, यानात बसायच्या आधी सगळ्यांनी लई सामान घेतलं. दारं घेतली, भांडी घेतली. पण तिथे गेल्यावर कळतं की जे घ्यायचं होतं ते राहिलंच. मागे वळून बघितलं तर काही दिसत नाही. चार वर्षं गेली की आपल्या दाराशी कोणतं झाड होतं तेही आठवेनासं होतं. तेव्हा माणूस विडीवालीकडे येतो. विडीवालीने निघताना प्रत्येकाच्या गावातलं थोडं थोडं पानात वळून ठेवलेलं असतं. ती एक विडी उघडून त्याच्या नाकाशी धरते, आणि मग त्याला रात्रभर झोप लागते.

दगडाबाईने सुईणीच्या सोंगातूनच विचारलं, माझ्या विडीत काय घातलंस? बनुबाई म्हणाली, तुझ्या आईच्या भाजलेल्या मिरच्यांचा ठसका, तूच मागं सांगितला व्हतास. दगडाबाई खाली बघायला लागली.

गोजरबाईचा तो रस्त्यापर्यंत जाणारा आवाज एकदम लहान झाला. तिने विचारलं, "अन् तुज्या सोताच्या विडीत?"

बनुबाईने कनवटीतून एक विडी काढली. ती गोष्टीतली नव्हती, खरी होती. तिने दोरा सोडला, पान उलगडलं आणि माझ्यावर धरलं. चिमूटभर वाळकी माती माझ्यात पडली. माझ्याच कोपऱ्यातली माती ती, मी ओळखली.

"ही आंबेथळची पांढरी," ती म्हणाली. "माजं गाव. आता त्याच्यावर चाळीस हात पानी हाय. म्या जाताना मागं बघितलं न्हाई. बघायला पायजे व्हतं."

सगळ्यांचे हात थांबले. कात्र्यांचा आवाज बंद झाला म्हणून श्रीमंतभाऊ टेबलावरून उठून आले आणि तिथेच उभे राहिले. मग ते एवढंच म्हणाले की पुढची पोकळ विडी माझ्या टेबलावरच्या जुडीत नको, आणि परत गेले. गोजरबाईने पदराने डोळे पुसले, सरकून बनुबाईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि म्हणाली, "भिंतीकडं आता मला बशीव."

त्या दिवसानंतर वरच्या गावात काय काय सोंगं निघाली म्हणून सांगू! पण नवीन सोंग कुठून काढायचं हे कुणी विचारलं की चांगुणा एकच सांगायची, की तुमचं जे हरवलंय तिथे बघा. मलाही ते पटलं. आभाळात नवीन माणूस शोधत बनुबाई दोन सोमवार हरली, आणि तो सापडला माझ्या कोपऱ्यात.

दोन-तीन वर्षांनी काम घरोघरी वाटून द्यायला लागले आणि रिंगण मोडलं. गोरक्ष बनुबाईला नाशिकला घेऊन गेला. निघताना तिने मला चांगुणाच्या हातात दिलं. तिकडे फरशीचं घर आहे, या सुपाला तिथं कुणी ठेवणार नाही, असं म्हणाली. माझं बाकीचं लिंपण कधीच झडलं होतं; उजव्या कोपऱ्यात उरलेली माती तिने खरवडून नेली नाही. जाताना मात्र दोनदा मागे वळून पाहिलं.

बनुबाई वारली त्यालाही आता किती वर्षं झाली. आणि थोड्या वेळापूर्वी चांगुणाबाईंची सून साबणाची बादली घेऊन माझ्यापाशी आली. दिवाळी जवळ आली ना. मुलगी चांगली आहे, तिला वाटलं सूप घाण झालंय. चांगुणाबाई बाजारातून यायच्या आत मी धुतलं जाणार, एवढ्यात आत स्वयंपाकघरात दूध उतू गेलं आणि ती धावली. बादली अजून खाली तशीच आहे.

म्हणून घाईने एवढं बोलले, मित्रांनो. जुन्या वस्तू स्वच्छ ठेवाव्यात, झटकाव्यात, उंदरांपासून जपाव्यात, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण हात लावायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला एकदा विचारा की हा डाग कशाचा. तुमच्यातलं कुणी आत जाऊन त्या सुनेला एवढं सांगा. बाकी सगळं सूप धू म्हणावं, पण उजवा कोपरा नको. आंबेथळ एकदा पाण्यात गेलंय.