आप्पांचा पहिला घास

मी माशांची टाकी बोलतेय. शहरातल्या गारखेडा भागातल्या एका घरात, बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या डाव्या हाताला माझी जागा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद. माझ्यात बारा गप्पी मासे, एक काळी मोली आणि गोगलगायी राहतात. गोगलगायी किती ते विचारू नका. त्यांच्याच वैतागानं मला तोंड उघडावं लागलं, नाहीतर माझा स्वभाव गप्प बसण्याचा.

मी जन्मले एका काचवाल्याच्या दुकानात. त्यानं मोठ्या तक्त्यावर काच कापायची हिरकणी फिरवली आणि माझे पाच तुकडे काढले. उरलेल्या काचेची कुणाच्या तरी खिडकीची तावदानं झाली. माझ्या बहिणी आता बाहेर बघत असतील, मी घरात बघते. मला चिकटवून, पाणी भरून दोन दिवस ठेवलं. गळत नाही अशी खात्री झाल्यावरच त्यानं मला विकायला ठेवलं.

सुदर्शननं मला त्याच्या मुलीच्या, तनुजाच्या, दहाव्या वाढदिवसाला आणलं. तनुजानं सगळ्या माशांना नावं दिली. तीन आठवडे ती शाळेतून आली की दप्तरासकट माझ्यासमोर बसायची. मग चित्रकलेचा क्लास लागला, मग स्केटिंग आलं. माझं पाणी हिरवं झालं. माणसांचं हे मला अजून समजलं नाही. जीव आणताना घाई करतात, आणि तो जगायला लागला की दुसरीकडे बघतात.

त्याच सुमाराला सुदर्शनचे वडील, आप्पासाहेब, कन्नड तालुक्यातल्या खेड्यातून इथं राहायला आले. गुडघे गेले होते. शेत भावकीत वाट्यानं दिलं होतं, बैलजोडी विकली होती. शहरात त्यांना काही काम नव्हतं. चार दिवस त्यांनी गॅलरीत बसून रस्ता पाहिला. पाचव्या दिवशी खुर्ची उचलून माझ्यासमोर आणली आणि चष्मा पुसत माशांना विचारलं, "जेवला का रं लेकरांनो?"

तेव्हापासून माझं नशीब पालटलं. काच पुसली जाऊ लागली, पाणी बदललं जाऊ लागलं. आमच्या शहरात नळाला सहा-सात दिवसांनी पाणी येतं, त्यात माझ्यासाठी दोन बादल्या काढायच्या म्हणजे सूनबाई मंजुषाच्या कपाळावर आठी यायची. आप्पा काढलेलं पाणी कुंड्यांना घालायचे, म्हणून ती काही बोलत नव्हती.

एकदा तनुजानं मैत्रिणीच्या टाकीतलं पाणवनस्पतीचं रोप आणलं. एका पानाच्या खालच्या अंगाला डिंकासारखा थेंब होता आणि त्यात बारीक ठिपके होते. मला दिसला. बाकी कुणाला दिसला नाही. रोप नळाखाली चोळून धुतलं असतं, तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण घरात ते एवढुसं रोप बघून सगळे खूश, आणि ते तसंच माझ्यात आलं.

पंधरा दिवसांनी काचेवर मोहरीएवढी गोगलगाय चढली. कौतुकाला तोटा नव्हता. आप्पा म्हणाले, एकटीच आहे बिचारी. एकटी असण्यानं तिचं काही अडत नव्हतं, हे मला लवकरच कळलं. महिन्यात पन्नास झाल्या. दोन महिन्यांत माझी मागची काच दिसेना.

आता खरं कारण सांगते. ते रोज सकाळी माझ्यासमोर उभं असायचं, आणि मला बोलता येत नव्हतं.

आप्पांनी जन्मभर एक रीत पाळली होती. गोठ्यातल्या जनावरांच्या तोंडात घास पडल्याशिवाय स्वतःच्या तोंडात घालायचा नाही. ताटातला भाकरीचा पहिला तुकडा बैलांचा. आता बैल नव्हते, मासे होते. दुकानातून आणलेला तो माशांचा कोरडा भुगा बघून त्यांना वाटायचं, यानं काय पोट भरतंय. म्हणून सगळे कामाला-शाळेला गेले की ते ज्वारीच्या भाकरीचा चतकोर तुकडा माझ्यात कुस्करायचे आणि मग शांतपणे स्वतः जेवायला बसायचे. चोरून करायचे असं नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

मासे ते किती खाणार? त्यांचं पोट त्यांच्या डोळ्याएवढं. उरलेली ज्वारी खडीत जायची आणि गोगलगायींच्या पंगती बसायच्या.

वर कहर असा, की गोगलगायी वेचायचं कामही आप्पांकडंच होतं. जेवण झालं की चहाच्या गाळणीनं तासभर एकेक काढायचे. एका हातानं वाढायचं, दुसऱ्या हातानं उचलायचं. मी काच नसते तर तेव्हाच कपाळाला हात लावला असता.

घरानं काय काय केलं! सुदर्शननं दुकानदाराच्या सांगण्यावरून निळं औषध ओतलं. गोगलगायी मेल्या, खडीत सडल्या, पाणी नासलं आणि दोन गप्पी पोट वर करून तरंगले. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. उरलेल्या अंड्यांतून महिनाभरात पुन्हा सगळं जसंच्या तसं. तनुजानं कुठं तरी बघून काकडीची चकती संध्याकाळी सोडली आणि सकाळी गोगलगायींनी लगडलेली बाहेर काढली. ही युक्ती चांगली होती. एका चकतीवर साठ-सत्तर निघायच्या. पण दहा वाजता भाकरी पडायची.

श्रावण लागला तशी मंजुषा बोलली. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, याच खोलीत बसतात. गेल्या वर्षी सवाष्णी जेवत असताना झाकणाच्या फटीतून एक गोगलगाय भिंतीवर आली होती आणि तिची नणंद रत्नमाला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "वहिनी, यंदा भाजीत काय विशेष?" ते मंजुषाच्या मनात रुतून बसलं होतं. ती सुदर्शनला म्हणाली, महालक्ष्म्यांच्या आत एक तर गोगलगायी जातील, नाहीतर टाकी. तिच्या ऑफिसातला एक माणूस फुकट न्यायला तयार होता.

आप्पांनी हे ऐकलं. खुर्ची जरा पुढं ओढून घेतली आणि त्या दिवसापासून एक तासाऐवजी तीन तास गाळणी चालवू लागले. आणि "आता तुम्ही जाणार रं," असं म्हणत माशांना भाकरी थोडी जास्तच घालू लागले.

मी किती वैतागले असेन, सांगा.

महालक्ष्म्यांना नऊ दिवस राहिले होते. नळाला पाणी आलं होतं, म्हणून वरच्या टाकीत किती चढलं ते बघायला मंजुषा गच्चीवर गेली. जिन्याच्या खोलीमागं रंगाची एक जुनी बादली होती, तिच्यावर फरशीचा तुकडा. तिनं तो सरकवला. ती बादली घेऊनच ती खाली आली आणि माझ्यासमोर, आप्पांच्या पायाशी ठेवली. वेचलेली एकही गोगलगाय आप्पांनी मारली नव्हती, गुडघे धरत जिना चढून वर नेली होती. सगळ्या त्या बादलीत होत्या, सुपारीएवढाल्या झालेल्या, आणि वर भाकरीचे तुकडे तरंगत होते.

"आप्पा, यांना भाकरी कोण घालतं?"

"मीच. मारायचं न्हाई, तर उपाशी कसं ठिवायचं?"

"आणि या टाकीत?"

"तिथं तर आधी. त्यांच्या आधी मी कसा खाऊ बाई?"

मंजुषा दिवाणाच्या कडेवर टेकली. तिनं माझ्या खडीत साचलेल्या ज्वारीकडं पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "आप्पा, बैलाला लई पेंड घातली तर काय होतं?"

"पोट फुगतं. जातं जनावर."

चष्म्याआडून आप्पांनी माझ्यात पाहिलं. मग म्हणाले, "ते दोन मासे मग औषधानं न्हाई गेले म्हण की. मीच घालवले."

"औषधानंच गेले," मंजुषा म्हणाली. "पण औषध का लागलं, ते आता कळलं."

त्या दिवशी आप्पांचं ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. भाकरी घालायची नाही, आणि घातल्याशिवाय खायचं नाही, या दोन्हींच्या मधे म्हातारा अडकला. सुदर्शन समजावून दमला. टाकी द्यायची की ठेवायची हा विषय कुणी काढेचना. घरात आता एकच गोष्ट चालली होती, आप्पा जेवतात का.

तिसऱ्या सकाळी मंजुषानं कामावर निघताना पर्स खाली ठेवली. भुग्याचा डबा आप्पांच्या हातात दिला आणि दोन बोटांची चिमूट करून दाखवली. म्हणाली, एवढंच. तनुजानंही नाही घालायचं, मी नाही, कुणीच नाही, फक्त तुम्ही. ही त्यांची भाकरी समजा. भाकरीचा तुकडा खालच्या गल्लीतल्या गाईला द्यायचा.

आप्पांनी चिमूट घातली. मासे वर आले, दोन मिनिटांत पाणी साफ. खडीत एक कण गेला नाही. ते बघत राहिले, मग म्हणाले, "पुरतंय की यांला." आणि जेवायला बसले.

एवढ्या थोड्या दिवसांत गोगलगायी संपत नसतात. पण नवी अंडी कमी दिसू लागली आणि रोज संध्याकाळी काकडीची चकती होतीच. बादलीतल्या गोगलगायी मारणं मात्र आप्पांकडून होईना. मंजुषानं ती मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यानं आटोपली, आणि त्या वेळी आप्पांना देवळात पाठवलं.

महालक्ष्म्या आल्या तेव्हा मी जागेवरच होते. मंजुषानं मखर समोरच्या भिंतीला केलं. माझ्या झाकणाची फट जुन्या स्पंजानं बुजवली. रत्नमाला आली, माझ्यात वाकून वाकून शोधत राहिली, आणि तिला काही बोलायला मिळालं नाही.

पंगत बसली. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. आप्पांच्या पानात सगळं वाढलेलं, पण हात गुडघ्यावर. गडबडीत सकाळची चिमूट राहून गेली होती. एवढ्या माणसांत गुडघे धरून उठणं त्यांना जमेना, आणि सांगणंही जमेना. ते नुसतं माझ्याकडं बघत होते.

मंजुषाच्या हातात तुपाची वाटी होती. तिनं पाहिलं. वाटी रत्नमालाच्या हातात देऊन ती माझ्याकडं आली, पदराला बोटं पुसली, डबा उघडला आणि दोन बोटांची चिमूट पाण्यावर सोडली. मासे वर आले. मग ती न वळताच म्हणाली, "जेवा आप्पा. जेवले ते."

आता माझ्यात अकरा गोगलगायी आहेत. त्या असू द्या. काचेवरचं शेवाळ तरी खातात. तुमच्याकडं माझ्यासारखी एखादी असेल आणि तिच्यात त्या फार झाल्या असतील, तर औषधाच्या बाटलीकडं जाण्याआधी घरात रोज पाण्यावर कुणाचा हात येतो ते बघा. आणि तो हात धरताना जरा हळू धरा.