कोरडी होडी

एसटीचं तिकीट होडीच्या फळ्यांच्या मधल्या फटीत अर्ध्यापर्यंत गेलं. गौरीशंकरांनी ते घाईघाईनं ओढून काढलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं.

कुणी पाहिलं नव्हतं. अणदूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये चौथीची वीस-बावीस मुलं गलबतांच्या नमुन्यांपुढं, करवती आणि लाकूड तासायच्या वाकसांपुढं एकमेकांना ढकलत उभी होती. हे जहाजांचं संग्रहालय अण्णा सुतारांचं. तीस वर्षं त्यांनी कोकणात होड्या बांधल्या आणि म्हातारपणी समुद्राचं जेवढं आणता येईल तेवढं ट्रकात घालून गावी आणलं. दोन वर्षांपूर्वी ते वारले. आज त्यांच्या हातची शेवटची होडी पहिल्यांदा तलावात उतरणार होती आणि तिच्यात सहा मुलं बसणार होती. सहांतली एक गौरीशंकरांची नात, शिवप्रिया. शाळेनं सोबतीला घरचं कुणीतरी मागितलं होतं, म्हणून ते आले होते.

होडी देखणी होती. अण्णांचा मुलगा उत्कर्ष यानं ती विटांवर ठेवली होती, वाळवीचं औषध मारलं होतं, वरून जाड निळा रंग दिला होता.

"दोन वर्षांत पाण्याचा थेंब लागू दिला नाही हिला," तो मुलांना सांगत होता.

ते वाक्य ऐकून गौरीशंकर पुन्हा त्या फटीकडं पाहू लागले. वाचनालयात चौतीस वर्षं काढलेल्या या माणसानं समुद्र पाहिला नव्हता. पण होड्यांवरचं एक पुस्तक कधीतरी वाचलं होतं. लाकडाची होडी फार दिवस कोरडी राहिली की फळ्या आकसतात, सांध्यांत ठासलेला कापूस सैल पडतो, म्हणून आधी तिला दोन-तीन दिवस भिजवावं लागतं. असंच होतं ना? की ते लाकडी पिंपांबद्दल होतं? शिवाय तिकीट गेलं ते अगदी वरच्या फळीजवळ, रंगाचा पोपडा निघाला होता तिथंच. बाकी सगळीकडं रंग धड होता.

"उत्कर्षराव, होडी भिजवली होती का?"

"काका, भिजवायलाच तर नेतोय."

मुलं हसली. गौरीशंकरही हसले आणि मग त्या हसण्याची त्यांना लाज वाटली.

गाडीवान बब्रुवाननं होडी आपल्या बैलगाडीवर घालून तलावावर आणली. काठावर दोन ओंडक्यांवर ती ठेवली, आत सतरंजी अंथरली. उत्कर्षनं नारळ फोडला. बुडू नये म्हणून घालायची जॅकेटं मोठ्या माणसांचीच मिळाली होती. शिवप्रियाचं गुडघ्यापर्यंत आलं होतं. बांधाजवळ पाणी दोन पुरुष खोल होतं.

वर्गाच्या नीरजाबाई नावं पुकारू लागल्या. तेवढ्यात गौरीशंकरांना दिसलं, बब्रुवाननं बैल सोडले आणि रिकामी गाडी ढकलत पाण्यात घातली, चाकांच्या मधल्या तुंब्यापर्यंत.

"हे काय करताय?"

"चाकं भिजवतोय मास्तर." चष्मा लावणारा प्रत्येकजण बब्रुवानला मास्तरच. "उन्हानं लाकूड आटतंय, मग लोखंडी धाव निसटती. पाण्यात ठिवलं की फुगून घट बसतंय. न्हाय तर वाटंतच धाव एकीकडं आन चाक एकीकडं."

"आणि होडी?"

बब्रुवाननं होडीकडं पाहिलं. "होडीतलं म्या काय सांगू? पर लाकूड ते लाकूडच की."

तीन मुलं आत बसली होती. शिवप्रियानं एक पाय टाकला होता.

"थांबा," गौरीशंकर म्हणाले, पण मुलांच्या गलक्यात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणण्याचा धीर होईना. शेजारी मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा जार होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि होडीत उपडा केला.

मुलं किंचाळत बाहेर पडली.

"काका, डोकं ठिकाणावर आहे का?" उत्कर्षचा चेहरा लाल झाला.

"पाणी राहतं का बघू. राहिलं तर माफी मागतो. सतरंजी धुऊन देतो."

सगळे ओणवे होऊन होडीखाली पाहू लागले. पाणी आत तसंच होतं. निळा रंग खालून कोरडा ठणठणीत. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"अज्जा, सगळे बघतायत," शिवप्रिया हळूच म्हणाली.

"झालं समाधान?" उत्कर्षनं विचारलं.

पिंपच असणार, गौरीशंकरांना वाटलं. पुस्तक पिंपांचंच होतं.

"मास्तर, हिकडं या," बब्रुवान म्हणाला. एका सांध्यावर रंगाला बोराएवढा फोड आला होता. त्यानं अंगठ्यानं दाबला. फोड फुटला आणि पाण्याची धार लागली. मग पुढं दुसरा फोड, तिसरा. सांध्याच्या पार टोकापर्यंत रंग उकलत गेला. हाताची बोटं मोजून होईतो होडी रिकामी झाली.

नीरजाबाईंनी मुलांची जॅकेटं सोडवायला घेतली.

उत्कर्ष तिथंच चिखलात बसला. "अण्णा हिच्यात कायम पाणी भरून ठेवायचे," तो म्हणाला. "ते गेल्यावर मीच उपसलं. डास होतात म्हणून."

"जपलंत तुम्ही तिला," गौरीशंकर म्हणाले, आणि हे बोलायला नको होतं असं त्यांना लगेच वाटलं.

मग तिघांनी मिळून होडी उथळ पाण्यात, गाडीशेजारी ढकलली आणि दोर बाभळीला बांधला. ती सावकाश भरत गेली, काठापर्यंत बुडाली.

"घट्ट होईल ना, काका?"

"पुस्तकात तरी तसंच होतं."

"मग रविवारी या. पोरांच्या आधी तुम्ही आणि मी बसू."

"मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं येतं," उत्कर्ष म्हणाला.

गौरीशंकरांनी खिशातलं तिकीट काढलं आणि त्याच्या मागं पेन्सिलीनं रविवारची तारीख लिहिली.