तसबिरीमागची कातीण

मी कातीण बोलतेय. कोणी मला कोळी म्हणतं, कोणी नाव घ्यायच्या आधीच किंचाळतं. विरारजवळच्या नंदाखाल गावी मटिल्डाबाईंच्या घरात, मधल्या खोलीतल्या वेदीवर येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर आहे. तिच्या पाठीमागे माझा मुक्काम असतो. कोणी पत्ता विचारलाच, तर खुशाल हाच सांगा.

पाय पसरले की मी चहाच्या बशीएवढी भरते. फुशारकी नाही मारत. मटिल्डाबाईंच्या मुलानं, ॲन्सेल्मनं, एकदा लांबूनच बशी धरून मोजलं होतं. अंग चपटं, रंग जुन्या सुपारीसारखा. जाळं मी विणत नाही. जाळं पसरून बसायचं आणि कोणी आपणहून येऊन अडकेल म्हणून वाट बघायची, हा छताच्या कोपऱ्यातल्या काडीपायांच्या मंडळींचा धंदा. मी धावते आणि धरते. कष्टाचं खाते.

चावते का, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. चावते. दोन दात दिलेत ते काय शोभेला? पण माझ्या चावण्यानं कोणी मरत नाही, दिवसभर ठणकतं एवढंच. आणि मला कोणी चिरडू लागलं तरच मी दात लावते. या घरात दोन वर्षांत मी एकदाच चावले. त्या एका चाव्याची हकीगत सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म ऐंशी सालच्या पावसाळ्यात, मागच्या केळीच्या बागेतल्या पंपाच्या खोलीत झाला. आम्ही दोनशेच्या वर भावंडं. आईनं आमची पांढरी पिशवी पोटाशी धरून महिना काढला आणि तेवढे दिवस अन्नाला शिवली नाही. आम्ही बाहेर पडलो, तशी जिकडे वाट दिसली तिकडे पांगलो. मी राजेळी केळ्यांच्या एका घडात शिरले. तो घड ॲन्सेल्मच्या खांद्यावरून घरात आला, आणि त्याच्याबरोबर मीही आले. वाजतगाजत नाही, पण खांद्यावरून आले.

मटिल्डाबाई सुकेळी करतात. पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसा उन्हात ठेवायची, ऊन उतरलं की आत आणायची, असं आठवडाभर चालतं. मग ती मधासारखी होतात आणि कोरड्या पानांत बांधून ठेवतात. त्या वासावर झुरळं कुठून कुठून येतात! पण मटिल्डाबाईंच्या सुकेळ्यांना झुरळाचं तोंड लागलेलं कोणी दाखवावं. गिऱ्हाईक म्हणतं, बाईंचा हात स्वच्छ. हात स्वच्छ आहेच, पण त्या हाताला माझ्या आठ पायांची जोड आहे, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

मटिल्डाबाईंना मात्र ते माहीत होतं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी झाडू उचलला नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऱ्हा बापा. तू तुझ्या कामाला, मी माझ्या." चप्पल घालण्याआधी त्या ती जमिनीवर आपटायच्या, दोरीवरचं लुगडं झटकून घ्यायच्या. एवढ्यावर आमचा संसार सुखात चालला होता.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात ॲन्सेल्मचं लग्न झालं आणि बेला घरात आली. विरारच्या नव्या इमारतीत वाढलेली, शाळेत शिकवणारी पोर. तिथल्या भिंती गुळगुळीत, लपायला फट नाही, त्यामुळे माझ्यासारखीशी तिची कधी गाठच पडली नव्हती. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, चालू असताना मी तसबिरीमागून जरा पाय मोकळे करायला निघाले. बेलाचा 'नमो मरिया' अर्ध्यावर तुटला आणि ती थेट अंगणात पोचली.

"ॲन्सेल्म, मार ना तिला! मला इथे झोप नाय लागणार."

ॲन्सेल्म झाडू घेऊन आला. माणसाची एक गंमत सांगते, छाती जेवढी रुंद तेवढा झाडू लांबून चालतो. तो दारातूनच हवेत वार करत राहिला. शेवटी मटिल्डाबाईंनीच त्याच्या हातातून झाडू काढून घेतला.

"आधी रोझरी पुरी करा. ती काय तुझ्या ताटात जेवते काय गो?"

"आई, एक तर ती राहील नाहीतर मी."

"दोघी ऱ्हाल. घर मोठं हाय."

बेलानं उंबऱ्यात उभं राहूनच रोझरी पुरी केली. पण तिची नजर रोज मला शोधायची, आणि त्या नजरेत माझं मरण असायचं. मीही जपून राहू लागले, कारण हे घर सोडून मला कुठे जायचं नव्हतं.

ऑक्टोबरात घात झाला. बेला ट्यूबलाइटखाली वह्या तपासत होती. दिव्याला किडे आले होते. त्यांतला मुंगीएवढा, तांबडा-काळा एक किडा तिच्या मानेवर उतरला. तिनं वहीवरून डोळे न काढता तो चोळून टाकला. मी समोरच्या भिंतीवरून हे सगळं पाहिलं. पण साक्षीला मला कोण बोलावणार?

दुसऱ्या दिवशी तिच्या मानेवर लाल पट्टा उठला, वर पाण्याचे फोड आले. आग आग होऊ लागली. तेवढ्यात कळंबहून धोंडूबाई मासळी घेऊन आली. पाटी उतरवून तिनं मान निरखली.

"कातीन मुतली, दुसरं काय! पानी नको लावू त्याला. गेरू हाय काय घरात?"

फोडांभोवती गेरूचं कडं ओढलं गेलं, म्हणजे म्हणे ते पसरत नाही. घरोघरी हाच समज. मानेवर फोड आले की कातीण मुतली. खटला नाही, चौकशी नाही!

मला काय वाटलं असेल? मारायला धावलात तर धावा, तो तुमचा आणि माझा जुना खेळ आहे. पण हा आळ? मी समोरासमोर लढणारी, दातांची, धावणारी. कोणी झोपेत असताना अंगावरून जाऊन असलं घाणेरडं काम करीन? मला इतका राग आला की मी लपायचंसुद्धा विसरले.

तेच भोवलं. या खेपेला मटिल्डाबाईंनीही झाडू अडवला नाही. सून तळमळत होती, त्या तरी काय करतील? बेलानं स्वतः केरसुणी घेतली आणि पहिलाच फटका माझ्या डाव्या बाजूला बसला. मागचा एक पाय तिथेच भिंतीवर वळवळत राहिला. मी उरलेल्या सातांवर कौलांतून बाहेर पडले आणि पंपाच्या खोलीत, माझ्या जन्मघरी, जाऊन पडले.

पंधरा दिवस मी तिथे होते. इकडे झुरळांची दिवाळी झाली. फडताळात, डब्यांमागे, वेदीखाली, सगळीकडे तीच. बेलानं शाळेसाठी कांजी करून ठेवलेल्या सुती साडीच्या घडीवर त्यांनी ताव मारला. तिनं साडी उलगडली तर काठाशी चाळण! हे मला बाहेर कळलं नाही, परत आले तेव्हा बेला ती साडी ॲन्सेल्मला दाखवत होती.

"बघ ना, लग्नात मिळालेली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ऐक. डॉक्टर बोलले, ते फोड किड्याचे होते, लाइटला येतो ना तो. कातिणीचा काय संबंध नाय. आईंना सांगू नको. मी उगाच तिचा पाय तोडला."

तिनं मान वर केली आणि मी भिंतीवर तिच्या समोर होते, सात पायांवर. तिच्या हाताशीच केरसुणी होती. तिनं ती उचलली नाही. पण जवळही आली नाही, उभी राहून नुसती माझ्या मोडक्या बाजूकडे बघत राहिली. मीही नजर हलवली नाही. आठ डोळ्यांनी पाहिलं तिला. मग दोघी आपापल्या कामाला लागलो.

फेब्रुवारीत मी पिशवी विणली. जाळं नसेल येत, पण पिशवी अशी विणते की पाहत राहावं, चपटी, शुभ्र, रुपयाएवढी. ती पोटाशी धरून तसबिरीमागे बसले. खाणंपिणं बंद केलं, तेव्हा आईची आठवण झाली. आता पळायचं म्हटलं तरी मला पळता आलं नसतं.

आणि नेमका राखेचा बुधवार आला. तुम्हाला रीत ठाऊक असेल. ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी घरोघर तसबिरीमागे वर्षभर खोचून ठेवतात. राखेच्या बुधवाराआधी ती वाळलेली झावळी चर्चला परत द्यायची, तिथे ती जाळून कपाळाला लावायची राख करतात. मी गेलं वर्षभर त्याच झावळीच्या आडोशाला राहत होते. माझं घर दरसाल जळतं, हे मला कुठे माहीत?

मंगळवारी मटिल्डाबाई म्हणाल्या, "बेला, झावळी काढ गो, फादरांनी मागितल्यात. माझा हात नाय पोचत."

बेला स्टुलावर चढली आणि न बघता तिनं हात मागे घातला. बोटं झावळीवर आवळली आणि झावळीबरोबर मीही मुठीत सापडले. पिशवी दबू लागली. आणखी एवढंसं आवळलं असतं तर माझी दोनशे पोरं गेली असती, आणि उरली असती ती उद्या झावळीबरोबर जळली असती. मी विचार केला नाही. दोन्ही दात तिच्या बोटात रोवले.

ती ओरडली, हात झटकला. मी वेदीच्या पांढऱ्या कापडावर पडले, उताणी नाही, सरळ. पिशवी पोटाशीच होती. बेला बोट धरून माझ्याकडे बघत होती. तिला ती पिशवी दिसली, तुटलेल्या पायाची जागाही दिसली. आतून मटिल्डाबाईंची पावलं येत होती, मागोमाग ॲन्सेल्म. आता या वेळी आळ नव्हता. या वेळी मी खरंच गुन्हेगार होते, पांढऱ्या कापडावर, सगळ्या घरासमोर. तिनं बोट दाखवायचा अवकाश होता.

बेलानं ती झावळी माझ्यावर आडवी धरली.

"काय झालं गो?"

"काय नाय, आई. झावळीची काडी रुतली."

मटिल्डाबाईंनी तिचं बोट हातात घेतलं. उजेडात धरलं. त्यावर लाल टिंबं होती दोन, शेजारी शेजारी. त्यांनी एकदा बोटाकडे पाहिलं, एकदा झावळीखालून निघालेल्या माझ्या पायाच्या टोकाकडे.

"काडी बी जोडीनं रुतते वाटतं," त्या म्हणाल्या. "चल, साबणानं धू, हळद लावते. ॲन्सेल्म, तू जा बाहेर, काय बघतोस?"

मी तसबिरीमागे परत चढले. बुधवारी सगळे कपाळाला राख लावून घरी आले. बेलाचं बोट सुजलेलं होतं, पण चर्चमध्ये विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं काडीच सांगितली असणार, कारण मला मारायला कोणीही आलं नाही.

मार्चात पोरं बाहेर पडली. मी मोजली नाहीत, पण भिंत हलल्यासारखी वाटत होती. बरीचशी बागेत गेली, काही इथेच असतील. आता माझं वय झालंय. झुरळ पहिल्या झडपेत सापडत नाही, कधी कधी तर सापडतच नाही. या पावसाळ्याला मी असेन असं वाटत नाही. त्याचं दुःख नाही. ज्या घरात माझ्यावर केरसुणी पडली, त्या घरात मी माझ्या जागेवर मरणार आहे.

तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्याही घरी फडताळामागे, बुटात, दोरीवरच्या कपड्यांत आमच्यातली कोणी असेल. तिच्यावर प्रेम करा असं नाही म्हणत. हात घालण्याआधी फक्त एकदा झटका, वाजवा. आम्ही बाजूला होतो.

बेला ते शिकली. परवा झावळ्यांचा रविवार झाला. ती नवी हिरवी झावळी घेऊन स्टुलावर चढली, आणि हात मागे घालण्याआधी तिनं तसबिरीच्या चौकटीवर बोटानं तीनदा टकटक केलं. त्याच बोटानं.

"सरक बाय जरा," ती म्हणाली.

मी सरकले.